‘गाठी’ विरघळवणारी गोळी नाही

महोदय,

पीसीओडी या पाळी लांबवणाऱ्या बीजकोशाच्या विकारातल्या गाठी विरघळवणारी गोळी अशी मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या औषधाची ख्याती झाली आहे. त्यापायी दोन महिन्यांत पुन्हा सोनोग्राफी होते, ‘गाठी तशाच’ म्हणून हळहळ होते आणि गोळी बंद पडते.

बीजकोशाच्या कडेला मण्यांच्या माळेसारखे दिसणारे २ ते ९ मिलिमीटरचे काळे ठिपके म्हणजे गाठी नव्हेतच. त्या अर्ध्यावर वाढ खुंटलेल्या बीजपुटिका, म्हणजे बीज जिच्यात वाढतं त्या इवल्या पिशव्या. रक्तातलं इन्सुलिन चढलं की ते मेंदूतल्या ग्रंथीकडून येणाऱ्या एलएच संप्रेरकाच्या जोडीने बीजकोशाकडून जादा अँड्रोजन (पुरुषी संप्रेरक) बनवून घेतं. अशात एकही पुटिका १८-२० मिलिमीटरपर्यंत पोचत नाही, मग फुटणार काय? मेटफॉर्मिनने यकृतातून सुटणारी साखर कमी होते, इन्सुलिन उतरतं, पाठोपाठ अँड्रोजनही थोडं उतरतं आणि काहीजणींचं बीज फुटू लागतं. ठिपके बहुधा राहतात. म्हणून गुण पाहायचा तो भिंतीवरच्या कॅलेंडरवर: दोन पाळ्यांतलं अंतर ३५ दिवसांच्या आत येतंय का? त्याला तीन ते सहा महिने द्यावेत. आणि एक, बीज आधी फुटतं, पाळी नंतर येते. मूल नको असेल तर ‘पाळीच नाही, दिवस कसे राहतील?’ या भरवशावर राहू नये.

गोळी सुटते ती बहुतेकदा पोटामुळे. पहिल्याच दिवशी १००० मिलिग्रॅम घेतलं की मळमळ, जुलाब आलेच. रात्रीच्या जेवणाबरोबर ५०० ने सुरुवात करून, आठवड्या-दोन आठवड्यांनी वाढवत १५०० ते २००० पर्यंत नेलं तर बहुतेकींना सोसतं. एसआर, म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी चावू किंवा कुटू नये. तिचं कवच शौचात दिसलं तरी औषध अंगी लागलेलं असतं. किडनीची तपासणी आधी करावी. वर्षानुवर्षं घेणाऱ्यांनी, त्यातही शाकाहारींनी, बी-१२ तपासत राहावं.

मूल हवं असेल तर एकट्या मेटफॉर्मिनवर वर्ष घालवू नये. ६२६ स्त्रियांवरच्या २००७ च्या अमेरिकी चाचणीत मेटफॉर्मिनने ७.२ टक्के, तर क्लोमिफेन या बीज फुटायला मदत करणाऱ्या गोळीने २२.५ टक्के स्त्रियांना जिवंत मूल झालं. आता पहिली पसंती त्याच कामाच्या लेट्रोझोल या गोळीला आहे. वंध्यत्वासाठी त्यावर आपल्याकडे २०११ मध्ये घातलेली बंदी २०१७ मध्ये उठली, तेव्हा चिठ्ठीवर ते नाव दिसलं तर बिचकू नये.

— एक स्त्रीरोगतज्ज्ञ, सातारा