पन्हं आतून आलं

प्रिय मंगल,

दिवाळीपासून माझं पत्र नाही म्हणून तू फुगून बसली असशील. फोन करणार होते, पण फोनवर तू पहिल्याच वाक्याला सल्ला देतेस आणि ही गोष्ट मला पूर्ण सांगायची आहे. तब्येत बरी, गुडघा आहे तसाच.

मागच्या शुक्रवारी सांगलीला आमच्याकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू झालं. अण्णा गेल्यानंतरचं पहिलंच. गौर वहिनीने मांडली. तोच पितळी झोपाळा, एक कडी अजून तारेनेच बांधलेली. चैत्रांगण मात्र चिकटवायचं आणलं होतं; कासव, तुळस, हत्ती, सगळं एका कागदावर छापलेलं. तुझ्या कासवाला लोक बेडूक म्हणायचे, तरी ते परवडलं.

पन्हं आईने केलं. सकाळीच कैऱ्या कुकरला लावल्या, निवल्यावर सालं काढून कोयी हाताने पिळल्या. कोयीच्या रेषांत अडकलेला गर ती अजूनही अंगठ्याने ओरपून काढते, काही सोडत नाही. गराच्या दुप्पट गूळ, चिमूटभर मीठ, वेलदोडा, शेवटी खललेलं केशर. हो, उकडलेल्या कैरीचंच! रत्नागिरीवाल्यांनी कच्ची कैरी किसून साखरपाण्यात ढवळावी आणि तिला पन्हं म्हणावं, आमची हरकत नाही. (तुझ्या आईचं, काकूंचं, मला जास्त आवडायचं, हे आईला कळू देऊ नकोस.) डाळही तिनेच वाटली, भरडच, वरून हिंगाची फोडणी.

आणि पाच वाजता बायका यायला लागल्या तशी ती स्वयंपाकघरात गेली ती गेलीच. पेले आतून भरून यायचे, ट्रे दाराशी ठेवला जायचा, वहिनी उचलायची. बाहेर सगळ्या जणी "काकूंच्या हाताची चवच वेगळी" म्हणत पीत होत्या. आई कुठे आहे, हे एकीनेही विचारलं नाही. विचारायचं काय, ठाऊकच होतं सगळ्यांना.

मला तू आठवलीस, नववीतली. काका गेले त्या वर्षी आईने डाळीसाठी खोबरं काकूंकडून खवून आणलं, आणि बोलावणं मात्र केलं नाही. तू जिन्यात उभी राहून ओरडलीस, "आमचं खोबरं चालतं, आमची आई चालत नाही!" अख्ख्या वाड्याने ऐकलं. मग आपण उन्हाळाभर बोललो नाही. माझी सायकल तेवढी तू वापरत होतीस.

आता चिडायचं तरी कोणावर? वहिनीवर म्हणावं, तर तिनेच आईला सांगितलं होतं, "बाहेर येऊन बसा, मी लावते कुंकू." आई काय म्हणाली असेल? "आधी बत्तासे पुरतायत का बघ." रात्री मी विषय काढला. हेरवाडचं सांगितलं. शिरोळ तालुक्यातलं, म्हणजे आपल्या शेजारचंच गाव. 2022 च्या मे महिन्यात तिथे ठराव झाला, नवरा गेला म्हणून बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. मग सरकारनेही इतर गावांनी तसंच करावं म्हणून परिपत्रक काढलं. आईने सगळं ऐकून घेतलं, पातेली पालथी घातली आणि म्हणाली, "ठराव हाताला धरून बाहेर नेतो का?" थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "आणि मंगलची आई कुठे आली होती तेव्हा?"

अगं, म्हणजे इतकी वर्षं काकू तिच्या डोक्यात आहेत. मला झोप लागली नाही. हा तिचा हट्ट आहे, की त्या वर्षाची फेड करतेय, की तिला मनापासून तसंच योग्य वाटतं? वहिनीला वाटतं हट्ट. वहिनीला तू जिन्यात उभी राहिलेली माहीत नाही. म्हणून तुलाच विचारते: काकूंना तेव्हा काय वाटत होतं? कधी बोलल्या तुझ्याशी? की भांडण सगळं तुझंच होतं, आणि त्यांना आपल्या खोलीत बसणंच बरं वाटत होतं? रागावू नकोस, विचारून बघ.

तुझ्या सासरी बेंगळुरूला रामनवमीचं पानक आणि कोसंबरी येईल त्याला देतात, कुंकू बघत नाहीत, असं तू लिहिलं होतंस. तेही मी आईला सांगितलं. "पानकात सुंठ? उन्हाळ्यात?" विषय संपला.

गौर अक्षय्य तृतीयेपर्यंत झोपाळ्यात आहे. वहिनीचं म्हणणं, त्या दिवशी सगळ्यांनाच बोलावू, हळदीकुंकू म्हणायचंच नाही, नुसती डाळ आणि पन्हं. आई म्हणते, मग गौर काय शोभेला बसवली? आणि दोघी निकाल मागतात माझ्याकडे, मी पुण्यात. मला एकच सुचतंय. काकूंनी आईला फोन करावा. कुंकवाचं काही काढू नये. "कैरी उकडून पन्ह्याची वाट लावता तुम्ही" एवढंच म्हणावं, पुढचा अर्धा तास आई फोन सोडत नाही. त्यात काय निघेल ते निघेल. चारनंतर करायला सांग, दुपारी ती झोपते.

बाकी तुझी बदली झाली की टळली? लेकीला नोकरी लागली हे मला वहिनीकडून कळतं, धन्य आहेस. रंगकाम आटपलं का? भावजींना नमस्कार.

तुझी,
सुधा