‘स्थानिकांच्या मदतीने’ म्हणजे कोणाच्या?

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीतला ऑस्ट्रेलियातील ‘नाइट पॅरट’ या दुर्मीळ पोपटावरचा लेख वाचला. रविवारची पुरवणी आमच्या धारणीत सोमवारी दुपारच्या एसटीने पोचते, म्हणून हे पत्र मंगळवारी लिहितो आहे. उशिराचा बोल मला लावू नये.

लेख चांगला आहे, आधीच सांगतो. ग्रेट सँडी वाळवंटातल्या न्गुरुर्रपा या आदिवासी लोकांच्या रेंजरांनी (जंगल-वाळवंट राखणाऱ्या पोरांनी) 2018 ते 2023 या काळात 31 ठिकाणी आवाज टिपणारी यंत्रे लावली, 17 ठिकाणी तो पोपट बोलताना सापडला, पन्नासपर्यंत पक्षी असावेत असा अंदाज निघाला. डिंगो या रानटी कुत्र्यांच्या विष्ठेत मांजरांचे अवशेष मिळाले, तेव्हा पोपटाला खाणाऱ्या मांजरांवर डिंगोचाच वचक आहे, हेही कळले. हे सगळे मी दोनदा वाचले. (दुसऱ्यांदा दुकानात गिऱ्हाईक नव्हते म्हणून.) पण शेवटी शेवटी लेखकमहाशयांनी जे ठोकून दिले आहे, की आपल्याकडे आदिवासींच्या माहितीची आणि शास्त्राची अशी सांगड अजून घातलीच गेली नाही, तिथे मी चष्मा काढून ठेवला.

घातली जाते हो. मग टायपिंगच्या वेळी ती खोडली जाते. मी खोडली आहे, या हातांनी.

माझे टायपिंग-झेरॉक्सचे दुकान आहे. वीसएक वर्षांपूर्वी रानपिंगळ्याची, म्हणजे जंगलातल्या एका दुर्मीळ छोट्या घुबडाची, पाहणी करायला एक पथक इकडे आले होते. कोणत्या संस्थेचे ते लिहीत नाही, उगाच वाद नको. त्यांचा मराठी अहवाल मी श्रीलिपीत टाइप केला. पथकातल्या ताई रोज संध्याकाळी जीपमधून यायच्या आणि वहीतले वाचून दाखवायच्या. सोबत एक कोरकू आदिवासी गृहस्थ असत. ते दुकानाच्या पायरीवर बसत. खुर्ची दिली तरी पायरीवरच. ताई मध्येच थांबून त्यांना विचारायच्या, ते सांगायचे, मग पुढचे वाक्य व्हायचे. घरचा पिंगळा आणि रानपिंगळा ओळखायचा कसा, असे मी एकदा सहज विचारले, तर म्हणाले, ‘‘घरचा पिंगळा मान खालीवर करते. हा शेपूट हलवते, असा अंगाला.’’ बोटाने करून दाखवले. ढोली कशी सापडते म्हटल्यावर म्हणाले, ‘‘नर पाल घेऊन येते अन् हाक देते. तवा बाई ढोलीतून तोंड काढते. आपन हाकेवर थांबाचं. झाडावर चढाचं नाही.’’

त्या ताईंबद्दल माझी काडीची तक्रार नाही. ढोलीची उंची, झाडाचा घेर, कोणत्या वेळी कोणते भक्ष्य आणले, सगळे दिवसच्या दिवस उभे राहून लिहून घेतलेले. हा पक्षी दिवसाउजेडी शिकार करतो, हे मी त्यांच्याच वहीतून टाइप करताना शिकलो. धारणीत जन्म गेला आणि घुबड म्हणजे रात्रीचे, एवढेच ठाऊक! दोघे मिळून काम करत होते, ते मी पाहिले आहे. तुमच्या लेखात जिला सांगड म्हटले आहे ती माझ्या पायरीवर बसत होती आणि माझ्याच पैशाचा चहा पीत होती.

ताईंनी मजकुरात वाक्य सांगितले होते की, पाहणीत आढळलेल्या घरट्यांपैकी बहुतेक घरटी श्री. अमुक यांनी दाखवली. पूर्ण नाव, गावासकट. चारेक दिवसांनी शहरातून त्यांचे एक सर आले, लाल पेन घेऊन. ते वाक्य त्यांनी कापले आणि वर लिहिले, ‘घरटी स्थानिकांच्या मदतीने शोधण्यात आली.’ मी म्हटले, सर, नाव राहू द्या, पान वाढत नाही, मी ओळींतले अंतर कमी करतो. ते म्हणाले, अहवालात असे व्यक्तीचे नाव बसत नाही. मी खोडले. मला काय, पानामागे पैसे.

आणि त्या गृहस्थांची नोंद अहवालात अजिबात नाही असे नाही. खर्चाच्या तक्त्यात आहे. डिझेल, त्याखाली बॅटरी सेल, त्याखाली ‘मजुरी (1 व्यक्ती)’. तो (1) आकडाही मीच टाइप केला. माझ्या बिलातले 340 रुपये त्या तक्त्यात आहेत, मला मात्र अजून मिळालेले नाहीत. पण तो या पत्राचा विषय नाही.

विषय पुढे आहे. काही वर्षांनी ते गृहस्थ दुकानात आले. पर्यटकांना जंगल दाखवणारे मार्गदर्शक घेणार होते आणि कामाचा अनुभव कागदावर मागत होते. ‘‘तो आपला कागद काढा,’’ म्हणाले. आपला कागद! मी छापील प्रत काढली. त्यात त्यांचे काय दाखवणार? ‘स्थानिकांच्या मदतीने’? मूळ मजकूर, नावासकटचा, माझ्याकडे फ्लॉपीवर होता. ती फ्लॉपी आजही खणात आहे, वर निळ्या शाईने ‘पिंगळा – जुने’ लिहिलेली. तोवर फ्लॉपी वाचणारे यंत्र माझ्याकडे उरले नव्हते. परतवाड्याला चौकशी केली, अमरावतीला एकाने उघडून पाहिली आणि खराब झाली म्हणून परत दिली. जागा दुसऱ्याला मिळाली. ते आता सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांचे नाव मी इथे लिहीत नाही, कारण त्यांना विचारलेले नाही. न विचारता खोडून झाले आहे, आता न विचारता छापायला नको.

आता याच पक्ष्याच्या बाबतीत कोणाकोणाची नावे टिकली ते पाहा. 1873 साली ह्यूम या इंग्रज पक्षीअभ्यासकाने त्याला शास्त्रीय नाव दिले ते ब्लेविटचे, कारण नमुना ब्लेविटने मिळवला होता. 1884 साली खानदेशात डेव्हिडसनने गोळी घालून नमुने मिळवले, त्याचेही नाव पुस्तकात. पुढे कर्नल माइनर्टझहागेन नावाच्या गृहस्थाने तर कहर केला. संग्रहालयातला डेव्हिडसनचाच पक्षी ढापला आणि आपण तो 1914 साली गुजरातेत मांडवीला मारला अशी चिठ्ठी त्याला बांधली. त्या चिठ्ठीवर भरवसा ठेवून पुढचे लोक भलतीकडे शोधत राहिले. पामेला रासमुसेन या पक्षीशास्त्रज्ञ बाईंनी ती लबाडी उघडी पाडली आणि 1997 च्या नोव्हेंबरात सहकाऱ्यांसह शहाद्याजवळ त्यांना पक्षी दिसला, 113 वर्षांनी. म्हणजे गोळी घालणाऱ्याचे नाव राहिले, चोरी करून खोटी चिठ्ठी बांधणाऱ्याचेही राहिले. हाकेवर थांबायचे, झाडावर चढायचे नाही, असे सांगणाऱ्याचे मात्र अहवालात बसत नाही.

आणि ‘आपल्याकडे नाही’ हे तरी कोणी तपासले? अरुणाचलात ईगलनेस्टजवळ रमणा अत्रेय यांनी नवा पक्षी शोधला आणि 2006 साली त्याला नाव दिले ते तिथल्या बुगुन जमातीचे, बुगुन लिओसिक्ला. पक्षी मारून नमुनाही ठेवला नाही. पिसे, फोटो, आवाज एवढ्यावर भागवले. पुढे 2017 मध्ये सिंगचुंगच्या बुगुन गावकऱ्यांनी आपले 17 चौरस किलोमीटर जंगल राखीव केले आणि त्यांचीच पोरे तिथे गस्त घालतात. अत्रेय हे पुण्याच्या पाषाण भागातल्या आयसर या विज्ञान संस्थेतले. लेखकमहाशयही पुण्याचेच, असे लेखाखाली छापले आहे. ऑस्ट्रेलियाला जाण्याआधी पाषाणपर्यंत रिक्षा केली असती तरी पुरले असते.

ऑस्ट्रेलियातल्या त्या रेंजरांना सरकारी पगार आहे, 2007 पासून त्यासाठी योजना आहे, हे लेखात एका ओळीत उरकले आहे. खरे तर तीच ओळ मोठ्या टायपात हवी होती. पगारपत्रकावर नाव यावेच लागते. ‘स्थानिक’ या नावाने पगार निघत नाही.

जाता जाता चौकटीविषयी. ‘आदिवासींच्या अंधश्रद्धेमुळे घुबडांचा बळी जातो’ असे त्यात छापले आहे. जातो, नाही म्हणत नाही. मांत्रिक आमच्याकडेही आहेत आणि अंडी काढणारेही. पण दिवाळीच्या तोंडावर घुबड मिळेल का, असे विचारत माझ्या दुकानापुढे ज्या दोन गाड्या थांबल्या होत्या, त्या या तालुक्यातल्या नव्हत्या. एकीत मागच्या काचेला इंजिनीअरिंग कॉलेजचे स्टिकर होते.

त्याच चौकटीत ‘दुर्मीळ रानपिंगळा’ म्हणून छापलेला फोटो साध्या पिंगळ्याचा आहे. कपाळावर पांढऱ्या ठिपक्यांची रांगोळी आहे आणि मागे विजेची तार दिसते. रानपिंगळ्याचे कपाळ जवळजवळ कोरे असते. तो अंक मी काल पायरीवर त्या गृहस्थांना दाखवला. त्यांनी अंक उलटा धरला, सरळ केला, आणि विचारले, ‘‘हा कोनाच्या घरचा आहे?’’

दुरुस्ती छापावी. छापाल त्या दिवशीचा अंक शक्यतो त्याच दिवशी पाठवावा.

आपला,
एक ‘स्थानिक’
धारणी, जि. अमरावती