लू व्हिटेकर अजून बाहेरच का?

संपादक महोदय, स. न. वि. वि.

जेफ केंट बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये (थोर खेळाडूंना कायमचा मान देणारी संस्था) निवडून आला ही बातमी तुमच्या क्रीडा पानावर वाचली आणि राहवलं नाही म्हणून लिहितोय. बातमीत सगळा भर बॅरी बॉन्ड्स आणि रॉजर क्लेमेन्स परत बाहेर कसे राहिले यावरच. त्यांचं स्टेरॉइडचं प्रकरण आहे, त्यावर लोक जन्मभर भांडतील, भांडू देत. पण ज्याच्या नावाशी असलं काहीही जोडलेलं नाही असा एक जण 2001 पासून बाहेर राहिलाय त्याच्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. डेट्रॉईट टायगर्सचा लू व्हिटेकर.

केंटबद्दल माझी काही तक्रार नाही. 377 होमरन, 2000 सालचा एमव्हीपी (लीगमधला सर्वांत मोलाचा खेळाडू), जुन्या खेळाडूंचा फेरविचार करणाऱ्या कमिटीतल्या 16 पैकी 14 मतं, आला ते बरंच झालं. पण केंट आणि लू दोघंही सेकंड बेसमन, म्हणजे दुसऱ्या बेसजवळ फिल्डिंग करणारे, आणि त्या जागेवर नुसती बॅटिंग बघून कसं चालेल?

मी डेट्रॉईटजवळ नोव्हायला राहतो, इथल्या जुन्या लोकांसमोर लूचा विषय काढा, हातातलं काम सोडून त्याचा डबल प्ले (एकाच बॉलवर दोघांना आऊट करणं) करून दाखवतात. शॉर्टस्टॉपला, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे, ॲलन ट्रॅमल, तो जमिनीवरून आलेला बॉल उचलून सेकंड बेसकडे ढकलतो, तोवर लू पळत तिथे पोचलेला, बॉल ग्लोव्हमध्ये जेमतेम टेकतो न टेकतो तोच उजव्या हातात, पाय बेसला लागलेला, समोरून रनर घसरत पायातच येतोय, आणि हा त्याच्यावरून उडी मारून हवेतच वळून फर्स्टला थ्रो करतो. रनर आणि बॅटर दोघंही आऊट. लू आणि ट्रॅमलनी पदार्पण केलं तेही एकाच मॅचमध्ये, सप्टेंबर 1977, बोस्टनला, आणि 1995 पर्यंत 1,900 च्या वर मॅच एकत्र खेळले, 1984 ची वर्ल्ड सीरिज (मोसमाची अंतिम मालिका) त्यातच आली.

आता आकडे बघा. ट्रॅमलच्या हिट 2,365, लूच्या 2,369. होमरन ट्रॅमलचे 185, लूचे 244. ट्रॅमल 2018 पासून कूपरस्टाऊनमध्ये, म्हणजे हॉल ऑफ फेममध्ये, आहे (असायलाच हवा) आणि लू नाही.

याचं कारण खेळात नाही, नियमात आहे. हॉल ऑफ फेमसाठी आधी पत्रकार मतदान करतात, त्यात निवडून यायला 75 टक्के लागतात हे बहुतेकांना माहीत असतं, पण 5 टक्क्यांच्या खाली गेलं की नाव पत्रकारांच्या यादीतून कायमचं उडतं हे फार कमी लोकांना माहीत असतं. 2001 ला, पहिल्याच वर्षी, लूला 515 पैकी 15 मतं पडली, 2.9 टक्के, संपलं. ट्रॅमललाही पत्रकारांनी कधी 75 टक्के दिलेच नाहीत, पण तो 15 वर्षं यादीत टिकला, दर जानेवारीला त्याच्यावर चर्चा होत राहिली आणि शेवटी कमिटीने त्याला आत घेतलं. लूच्या वाट्याला ती चर्चाच आली नाही. 2019 च्या कमिटीत त्याला 16 पैकी 6 मतं मिळाली, आणि 2022 आणि 2025 ला तर कमिटीपुढच्या आठ उमेदवारांच्या यादीतसुद्धा नाव नाही!

1985 च्या ऑलस्टार मॅचला लू आपली जर्सी घरीच विसरला होता, मग स्टेडियममधल्या दुकानातून साधी जर्सी आणून पाठीवर मार्करने 1 नंबर काढला आणि तीच घालून खेळला. ती जर्सी आज स्मिथसोनियन म्युझियमकडे आहे. टायगर्सनेही 2022 ला त्याचा 1 नंबर कायमचा राखून ठेवला. मग कूपरस्टाऊनलाच एवढी वर्षं कसली शंका आहे?

आणि हे लवकर व्हायला हवं असं मी म्हणतो कारण हॉल ऑफ फेमने या बाबतीत लोकांना फार रडवलंय. रॉन सँटो गेला आणि वर्षभराने त्याची निवड झाली. डिक ॲलनचंही तेच, मृत्यूनंतर चार वर्षांनी. डेव्ह पार्करला निवड तरी कळली, पण 2025 च्या सोहळ्याच्या महिनाभर आधी तो गेला. हा मान माणसाला स्वतःच्या हाताने घेता यायला हवा हो, घरच्यांनी त्याच्या मागे जाऊन घेण्यात काय अर्थ आहे.

लूच्या काळातल्या खेळाडूंसाठी कमिटीचं पुढचं मतदान डिसेंबर 2028 ला आहे, तेव्हा लू 71 वर्षांचा असेल. मत पडेल न पडेल ते नंतर बघू, निदान त्या आठ नावांत तरी त्याला घ्या. आणि तुम्हीही तोवर बॉन्ड्स-क्लेमेन्स थोडे बाजूला ठेवून लूवर एक नीट लेख छापा एवढी विनंती.

आपला,
एक वाचक, नोव्हाय, मिशिगन