बेस फोनवर ऐकू येत नाही

नंदनवन, नागपूर

ती. बाबा आणि ती. सौ. आई,
सा. न. वि. वि.

आई, परवा फोनवर तू म्हणालीस, "तुमच्या बँडच्या नव्या अल्बमची आठही गाणी ऐकली बाप्पा, पोरगा छान गाते, पण तू कुठं वाजवून राहिली ते काही समजलं नाही." मागून बाबांचा आवाज आला, "हिचं नाव तरी टाकलं का?" बाबांना फोनवर धड ऐकू येत नाही आणि मला फोनवर धड सांगता येत नाही, म्हणून पत्रच लिहायला घेतलं. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. दादाला वाचून दाखवायला लावू नका, तो मधेमधे आपली मतं घुसडतो.

नाव टाकलंय, बाबा. अल्बमच्या माहितीत 'बेस गिटार', म्हणजे खालच्या स्वरांची गिटार, असं लिहून पुढे माझं पूर्ण नाव आहे, तुमच्या नावासकट.

आणि मी आठही गाण्यांत पहिल्यापासून शेवटपर्यंत आहे. तुम्ही ऐकलंत दादाच्या मोबाइलवर, तिथं घोटाळा झाला. माझ्या गिटारची सगळ्यात जाड तार सेकंदाला साधारण ४१ वेळा कंप पावते. मोबाइलचा स्पीकर नखाएवढा, तो इतका खालचा स्वर काढूच शकत नाही. वरचे बारीक अंश तेवढे येतात आणि बाकीचं कान अंदाजानं भरून काढतो. गाणाऱ्याचा आवाज आणि झांजा मात्र फोनवर ठसठशीत येतात, म्हणून तो छान गातो आणि मी गायब.

बाबा, आता तुमच्या कानांचं. तपासणीचा तो आलेख मी जपून ठेवलाय. २५० पासून ८००० हर्ट्झपर्यंत (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंप) जाणारी रेघ डावीकडे बरी आहे आणि ४००० च्या आसपास एकदम खड्ड्यात जाते. हिंगण्याच्या एमआयडीसीत पत्रा दाबणाऱ्या पॉवर प्रेसजवळ इतकी वर्षं काढलेल्या माणसाची रेघ बहुतेक अशीच असते. जोराच्या आवाजानं कान जातो तो आधी तिथंच जातो. म्हणून तुम्हाला आईचं 'स' आणि 'श' कळत नाही, पण खालून ट्रक गेलेला कळतो. याचा अर्थ असा की आमच्या बँडमध्ये सगळ्यांत चांगलं तुम्हाला ऐकू येईल ते माझंच वाजवणं. फक्त हॉलमधल्या मोठ्या स्पीकरवर ऐका. कानातलं मशीन माणसाचं बोलणं समजावं म्हणून लावलेलं असतं, संगीत त्यातून कधीकधी चमत्कारिक लागतं. काढून ऐकून बघा. स्पीकरच्या पेटीवर हात ठेवलात तरी चालेल. आवाज फार मोठा नको, शेजारी पुण्याचे आहेत.

आता आईचा दुसरा प्रश्न, जो तिनं विचारला नाही पण मला ऐकू आला. मी लग्नांत वाजवायचे तो काकांचा ऑर्केस्ट्रा चांगला चालला होता, सुपाऱ्या मिळत होत्या, ते सगळं काहून मोडलं?

आई, आम्ही मोडलं नाही, ते हळूहळू विरलं. लॉनवाल्यांना डीजे स्वस्त पडतो, सहा माणसांचं जेवण आणि गाडीभाडं वाचतं. रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद, हा नियम २००० सालापासूनचा आहे, आणि आपल्याकडची वरात दहाच्या आधी कधी पोचते? नवरदेव दारात आणि आमचं सामान आवरायला सुरुवात, असं किती लग्नांत झालं. मग गायक पेन ड्राइव्हवरच्या ट्रॅकवर एकटेच गायला लागले. काकांनी ऑक्टापॅड, म्हणजे काठ्यांनी वाजवायचा इलेक्ट्रॉनिक तालपॅड, गुंडाळला आणि म्हणाले, "पोट्टेहो, आता तुमचं तुम्ही पाहा." उरलो आम्ही तिघं: ड्रम, गिटार आणि मी. गाणारा नंतर आला. त्याला हिंदी सिनेमातली गाणी धड येत नव्हती, म्हणून आम्ही आपली लिहायला घेतली. हे मोठं कलात्मक कारण वगैरे नव्हतं, पण खरं हेच आहे.

सुरुवातीला आम्ही ऑर्केस्ट्र्याचंच नाव ठेवलं होतं. बाबांना तेच आवडायचं, नव्यावर त्यांनी नाक मुरडलं. पण त्याच नावाचा आणखी एक ग्रुप ऐकण्याच्या अ‍ॅपवर होता, आणि आमचं एक गाणं त्यांच्या पानावर जाऊन बसलं. तिथं खाली लोक त्यांनाच शाबासकी देत होते! म्हणून नाव बदललं. अशा कारणानं नाव बदलणारे आम्ही पहिले नाही. बाबा, ही पुढची गोष्ट खास तुमच्यासाठी.

बर्मिंगहॅम हे इंग्लंडातलं कारखान्यांचं शहर, अख्खं शहरच एमआयडीसी म्हणा ना. तिथं टोनी आयोमी नावाचा सतरा वर्षांचा पोरगा पत्र्याच्या कारखान्यात वेल्डर होता. नोकरीचा शेवटचा दिवस. प्रेसवरचा माणूस आला नाही, म्हणून याला प्रेसवर उभं केलं. उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे गिटारची तार दाबायचा हात नेमका तोच. प्रेसवर नवखा माणूस उभा करणाऱ्यांबद्दल तुम्ही जे बोलता ते मला पाठ आहे, इथं लिहीत नाही. तर त्यानं प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वर चामडं चिकटवलं, गिटारला हलक्या तारा लावल्या आणि पुन्हा वाजवायला लागला.

त्याच्या चौघांच्या बँडचं नाव होतं 'अर्थ'. त्याच नावाचा दुसरा बँड निघाला, लोकांचा गोंधळ व्हायला लागला, आणि १९६९ मध्ये ते 'ब्लॅक सॅबथ' झाले. १६ ऑक्टोबर १९६९ ला त्यांनी पहिला अल्बम एका दिवसात रेकॉर्ड केला. तो १३ फेब्रुवारी १९७० ला आला. समीक्षकांनी झोडपला, लोकांनी मात्र इंग्लंडच्या यादीत आठव्या नंबरापर्यंत नेला. एका दिवसात कसा झाला? ती गाणी ते पबांमधून वाजवतच होते. स्टुडिओत गेले आणि रोजच्यासारखं वाजवलं. पावसाचा नि घंटेचा आवाज तेवढा मागाहून जोडला.

आपल्या मुंबईचा 'रॉक मशीन' १९९३ मध्ये 'इंडस क्रीड' झाला, त्यांनी नावाबरोबर वाजवायची तऱ्हाही बदलली. आमचं या दोन्हींच्या मधे कुठंतरी आहे.

ऑर्केस्ट्र्यातली ती वर्षं वाया गेली असं तुम्हाला वाटतं ना, त्याचं उत्तर मला स्टुडिओत मिळालं. ड्रम घरी नीट रेकॉर्ड होत नाहीत, म्हणून त्यासाठी एक दिवस स्टुडिओ भाड्यानं घेतला. तिथल्या मुलानं विचारलं, क्लिक लावू का? क्लिक म्हणजे कानात टकटक वाजणारा ताल, लय सुटू नये म्हणून. आम्ही लावला आणि दुसऱ्याच गाण्याला काढून टाकला. ड्रमवाला आणि मी इतक्या वराती एकत्र वाजवल्यात की तो डावा पाय उचलतो तेव्हाच मला पुढचं कळतं. नवरदेवाचा मामा पैसे ओवाळायला मधे आला तरी लय न सोडण्याची सवय कुठल्या क्लासात लागत नाही. तिसऱ्या गाण्याचा ठेका तर सरळ काकांच्या ऑक्टापॅडवरचा आहे, फक्त संथ केलाय. मारबतीच्या, म्हणजे नागपुरात मिरवणुकीनं निघणाऱ्या पुतळ्याच्या, गाण्यात जो दणका आहे तो तान्ह्या पोळ्याच्या दिवशी महालात उभं राहून कानात भरून घेतलेला. "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" ही ओळ आम्ही लिहिलेली नाही, ती साऱ्या नागपूरची आहे, आणि माहितीत 'पारंपरिक' असंच लिहिलंय.

बाकीचं रेकॉर्डिंग इथंच झालं, माझ्या खोलीत, भिंतींना गाद्या टेकवून, ऐन मे महिन्यात. आई, तू विचारशील की कूलरचं काय केलं. गाणाऱ्याच्या वेळी कूलर बंद, पंखाही बंद, कारण माइक सगळं ओढून घेतो. तो बनियनवर गायचा आणि दोन ओळी झाल्या की बाहेर पळायचा. चौथ्या गाण्यात त्याचा आवाज वैतागलेला वाटतो, तो अभिनय नाही. माझी गिटार मात्र वायरनं सरळ कॉम्प्युटरला जोडलेली, मधे माइकच नाही, म्हणून मी कूलरसमोर बसून वाजवलं. यावरून घरात अजून भांडणं होतात.

कीबोर्डवाल्या दादाच्या दोन चाली अल्बममध्ये आहेत. तो आता बँडमध्ये नाही, म्हणून बाबा विचारतीलच. संगीतकार म्हणून त्याचंच नाव आहे आणि काय ठरलं ते कागदावर सह्या करून ठेवलंय. कायद्यानं चाल बांधणाऱ्याचा हक्क त्याच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं राहतो. एवढा काळ आपली गाणी कोण ऐकणार, असं तोच हसत म्हणाला.

पैशाचं विचारू नका. अल्बमच्या कमाईत अजून तर्री पोह्यांची एक पार्टीही निघालेली नाही. हंगामात मी दुसऱ्या एका ऑर्केस्ट्र्याबरोबर लग्नं वाजवते आणि वाजवणार आहे. तेव्हा आई, 'पोरीनं धंदा सोडला' असं मावशीला सांगू नकोस.

दिवाळीनंतर इथं नव्या नावाचा पहिला कार्यक्रम करायचं ठरतंय. तेव्हा गरीबरथचं तिकीट मिळता मिळत नाही, म्हणून दादाला आत्ताच काढायला सांगा. बाबांना खालचा बर्थ. काकांनाही बोलावलंय, पहिल्या रांगेत बसतो म्हणाले, म्हणजे ठेका चुकायची सोय नाही. आई, तुझ्यासाठी कापूस आणून ठेवते.

तुमची,
छोटी

ता. क. दादाला सांगा, स्पीकरचं सेटिंग सपाट ठेव. त्याला प्रत्येक गाण्यात बेस वाढवायची खोड आहे, आणि मग बाबांना वाटेल मी एकटीच वाजवते.