परराष्ट्रमंत्र्यांस खुले पत्र : ‘हजारो वर्षांचं वैर’ म्हणून हात झटकू नका

मा. परराष्ट्रमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

सविनय नमस्कार.

गाझाचा विषय निघाला की टीव्हीवरच्या चर्चेपासून पारावरच्या गप्पांपर्यंत एक वाक्य हमखास कानावर येतं : ‘ज्यू आणि मुसलमानांचं हे हजारो वर्षांचं वैर, ते कोण मिटवणार?’ सोयीचं वाक्य आहे. ते म्हटलं की कुणालाच जाब द्यावा लागत नाही. पण ते खरं नाही, आणि तुमच्या खात्याला तरी हे पक्कं ठाऊक असणार.

जेरुसलेमचं ज्यूंचं मंदिर इ.स. ७० मध्ये पाडलं ते रोमनांनी. १४९२ साली स्पेनच्या ख्रिस्ती राजाराणीने ज्यूंना हाकललं, तेव्हा त्यांतल्या कित्येकांना आसरा मिळाला तो तुर्कांच्या ऑटोमन सुलतानाच्या मुलखात. तिथेही ते दुय्यम प्रजाच होते, सगळं गोडीगुलाबीचं नव्हतं. पण आजचं भांडण तेव्हा नव्हतं. रशियातल्या ज्यूंच्या कत्तलींनंतर, १८८० च्या दशकात ज्यू पॅलेस्टाईनला येऊ लागले, तिथून ते सुरू होतं. १८९७ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझलला झायोनिस्ट, म्हणजे ज्यूंचं स्वतःचं राष्ट्र मागणाऱ्यांची, परिषद भरवणारा थिओडोर हर्झल काही देवभोळा नव्हता. १९०३ मध्ये ब्रिटिशांनी पूर्व आफ्रिकेतली जमीन पुढे केली, तर तिचाही विचार करायला तो तयार होता. उलट अनेक कर्मठ रब्बींनाच, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनाच, मसीहा (देवाने पाठवायचा तारणहार) येण्याआधी राज्य उभारणं पाप वाटे. आणि पीएफएलपी या जहाल पॅलेस्टिनी संघटनेचा संस्थापक जॉर्ज हबाश हा ख्रिस्ती होता.

मूळ आहे जमिनीत. बैरुतच्या सुरसॉक या जमीनदार घराण्याने पॅलेस्टाईनमधल्या मर्ज इब्न आमेर खोऱ्यातली जमीन ज्यू संस्थांना विकली. पैसे जमीनदाराला, आणि कसणारी कुळं रस्त्यावर. खोती पाहिलेल्या कोकणाला हे वेगळं समजावून सांगायला नको. त्यात पॅलेस्टाईनमध्ये ज्यूंना ‘राष्ट्रीय घर’ देऊ म्हणणारा ब्रिटिशांचा १९१७ चा बाल्फोर जाहीरनामा : लोकसंख्येत दहातले नऊ असलेल्या अरबांचा उल्लेख नुसता ‘बिगर-ज्यू समाज’ असा. त्यांना हमी नागरी आणि धार्मिक हक्कांची. राजकीय हक्कांचा उच्चारही नाही.

धर्म पुढे आला तो या भांडणाच्या जोरावर. १९२९ साली जेरुसलेमच्या, ज्यूंना पवित्र असलेल्या पश्चिम भिंतीवरून दंगल पेटली आणि हेब्रॉनमध्ये ६७ ज्यू मारले गेले. त्यांतले कित्येक तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणारे. १९६७ च्या युद्धात इस्रायलने जॉर्डन नदीच्या पश्चिमेचा वेस्ट बँक हा मुलूख घेतला आणि तिथे वसाहती करणाऱ्या धार्मिक ज्यूंनी तो देवाने दिलेला ठरवला. १९८८ च्या सनदेत हमास या इस्लामी पॅलेस्टिनी संघटनेने त्या जमिनीसह सगळं पॅलेस्टाईन वक्फ, म्हणजे देवाच्या नावे दिलेलं ठरवलं. हद्दीचा सौदा होऊ शकतो, देवाच्या देणगीचा कसा व्हायचा? १९९४ मध्ये हेब्रॉनच्या मशिदीत एका ज्यू डॉक्टरने नमाज पढणारे २९ जण मारले. १९९५ मध्ये तडजोड करणाऱ्या इस्रायली पंतप्रधान राबिन यांना एका धर्मवेड्या ज्यू तरुणानेच गोळी घातली. ७ ऑक्टोबर २०२३ चं हमासचं हत्याकांड आणि त्यानंतरचा गाझाचा संहार यांनाही हीच पार्श्वभूमी आहे. अर्थात त्याने दोन्हींपैकी कशाचंही समर्थन होत नाही.

आणि हजारो वर्षांचं वैर खरंच असतं, तर ते रायगडात का नाही उतरलं? नवगावच्या किनाऱ्याला लागलेले म्हणून सांगितले जाणारे आमचे कोकणातले ज्यू, बेने इस्राएल, म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणारे शनिवार तेली, मुसलमानांच्या शेजारी शतकानुशतकं नांदले. १९४८ नंतर त्यांतले बहुतेक इस्रायलला गेले. तिथे १९६० च्या दशकात रब्बींनी लग्नाच्या वेळी त्यांच्याच ज्यूपणावर शंका घेतली, ही त्यातली गंमत. १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेला मध्ये पडावं लागलं.

महोदय, १९४७ साली संयुक्त राष्ट्रांच्या पॅलेस्टाईन समितीत भारत होता. पॅलेस्टाईनच्या फाळणीऐवजी संघराज्य, असा पर्याय भारताने इराण आणि युगोस्लाव्हियासह मांडला, आणि भारताचे प्रतिनिधी सर अब्दुर रहमान यांनी स्वतंत्र टिपणही जोडलं. तो पर्याय चालला असता का, मला शंका आहे. पण त्यात भांडणाचं कारण मांडलं होतं. हल्लीची आपली निवेदनं ‘दोन राष्ट्रं, वाटाघाटीतून’ एवढं बोलून थांबतात.

मागणी दोनच. ते टिपण मराठीसह भारतीय भाषांत आणून खात्याच्या संकेतस्थळावर ठेवा. आणि पुढच्या निवेदनात ओलीस धरण्याचा, दहशतवादाचा निषेध कराल, तो कराच. त्याबरोबर वेस्ट बँकमधल्या वसाहतींचंही नाव घ्या. इस्रायल आणि पॅलेस्टिनी नेत्यांमधल्या ऑस्लो कराराच्या वेळी, १९९३ मध्ये, पूर्व जेरुसलेम सोडून तिथे लाखभर वसाहतवासी होते. आज ते सुमारे पाच लाख आहेत.

आपला नम्र,
अलिबाग तालुक्यातला एक नागरिक