खुडूक मोडण्याआधी

संपादक महोदय,

कोंबडीची अंडी उबवायचे घरगुती इन्क्युबेटर विकणारे पिल्लं निघायला २१ दिवस सांगतात. शेवटचे ३ दिवस वेगळे असतात, हे मात्र क्वचितच सांगतात. पंख्याच्या यंत्रात तापमान ३७.५ अंश सेल्सिअस, आर्द्रता ५० ते ५५ टक्के आणि दिवसातून किमान ३ वेळा अंडी फिरवणं, हे १८व्या दिवसापर्यंत. मग फिरवणं बंद, आर्द्रता ६५ ते ७० टक्के आणि झाकण बंद म्हणजे बंद! बहुतेकांचा घात इथेच होतो. पिल्लाने आतून चोच मारून टवका उडवलेलं अंडं दिसलं की हात शिवशिवतात. झाकण उघडलं की दमट हवा निघून जाते, कवचाखालचा पापुद्रा सुकतो आणि पिल्लू आतच चिकटून मरतं. टवक्यानंतर बाहेर यायला त्याला १२ ते २४ तास सहज लागतात.

वीज गेली तर पेटीवर गोधडी टाका, हवेची भोकं तेवढी मोकळी ठेवा.

गावरान कोंबडी खुडूक असेल, म्हणजे अंडी घालणं थांबवून उबवायला बसली असेल, तर हा व्याप कशाला? तिला पाण्यात बुचकळून खुडूक मोडण्यापेक्षा पाटीत पेंढा घालून १० ते १२ अंडी एकाच रात्री तिच्याखाली सरकवा. अंडी आठवड्याच्या आतली, न धुतलेली हवीत. दुकानातली पोल्ट्रीची अंडी उबत नाहीत, कारण तिथे कोंबडाच नसतो. सातव्या रात्री अंड्यामागे बॅटरी धरा. शिरांचं जाळं दिसलं नाही तर ते अंडं काढून टाका.

– एक वाचक, कणकवली