पुराचा फोटो पुसू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात पहिल्या पानावर गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीचा पुरातला जो फोटो आपण छापलात, तो पाहून हे पत्र लिहीत आहे. मूर्तीच्या डावीकडे फेसाचा एक पुंजका आहे, त्यात वाकडी काटकी अडकली आहे. तोच पुंजका, तीच काटकी, थोडं पुढे पुन्हा दिसते. मधे पाणवेली होत्या की आणखी काही, देव जाणे. कुणीतरी फोटो-एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमधल्या क्लोन स्टॅम्पने शेजारचं पाणी उचलून त्यावर फासलं आहे. फासताना पाण्याची पातळीही हलली. मारुतीच्या एका बाजूला पाणी कमरेला, दुसऱ्या बाजूला छातीला!

गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडले हे आपल्याकडे नंतर विचारतात. आधी विचारतात, मारुतीच्या कुठपर्यंत आलं? काल तो फोटो पाहून माझ्या पुतण्याने फोन केला, "काका, माल वर चढवू का?" त्याला कमर सांगू की छाती?

मला हे इतकं का झोंबलं, तेही सांगतो. २०१६ च्या ऑगस्टमधल्या पुरात कापडपेठेतल्या आमच्या दुकानात पाणी शिरलं. ओसरल्यावर ओळखीतल्या एका फोटोग्राफर मुलाकडून फोटो काढून घेतले. भिजलेले तागे, कपाटं, भिंतीवरची चिखलाची रेघ, सगळं त्यात होतं. कोपऱ्यात तारीख उमटली होती. ती पिवळी अक्षरं वाईट दिसतात म्हणून त्याने भिंतीचा तुकडा उचलून तारखेवर बसवला. विमा कंपनीच्या सर्वेअरने फोटो डोळ्यांजवळ धरला. भिंतीचा पोपडा निघाला होता, ती खूण शेजारी शेजारी दोनदा आली होती. "शेठ, या फोटोला हात लावलाय," एवढंच म्हणाला. त्या एका कोपऱ्यापायी सगळेच फोटो संशयात गेले, चिखलाची खरी रेघसुद्धा. मूळ फाइल मागायला गेलो, तर पोराने बदल त्याच फाइलवर सेव्ह केलेले. शेवटी हातात पडलेल्या रकमेत कपाटंही झाली नाहीत, ताग्यांचं तर सोडाच. त्या मुलाच्या मनात काही वाईट नव्हतं. आपल्या छायाचित्रकाराच्याही नसेल. नुकसान व्हायचं ते होतंच.

२०१४ साली एपी या वृत्तसंस्थेने सीरियातल्या एका फोटोच्या कोपऱ्यातला व्हिडिओ कॅमेरा असाच पुसल्याबद्दल आपल्या छायाचित्रकाराशी संबंध तोडले. तो पत्रकारितेचं पुलित्झर पारितोषिक मिळालेल्या चमूतला होता. कॅमेरा गेल्याने लढाईची बातमी काही खोटी ठरत नव्हती, तरी तोडले. त्याआधी २००६ मध्ये बैरूतवरचा धूर क्लोन करून वाढवल्याचं उघड झालं, तेव्हा रॉयटर्सने त्या छायाचित्रकाराचे ९२० फोटो मागे घेतले. लग्नाच्या अल्बममधून विजेचा खांब काढा, कुणाची हरकत नाही. पण १९६९ च्या पुरात पाणी कुठवर आलं होतं यावर वाद झाला, की जुन्या नाशकातली माणसं आजही कृष्णधवल फोटो काढून दाखवतात. उद्या कुणी आपला कालचा फोटो काढून दाखवला तर?

मूळ फोटो, त्यात जे काही असेल त्यासकट, पहिल्याच पानावर तेवढ्याच आकारात छापावा, ही विनंती. खाली, आधीचा फोटो बदललेला होता, असं स्वच्छ लिहावं.

आणखी एक. आतल्या पानावरचा सराफ बाजारातल्या पाण्याचा फोटो कालचा नाही. त्यात पाटी दिसते ते दुकान केव्हाच बंद झालं. ‘संग्रहित’ हा शब्द भिंगाशिवाय वाचता येऊ नये इतक्या बारीक अक्षरात का? शिवाय तिथे शिरलं ते नदीचं पाणी नव्हे, सरस्वती नाल्याचं. तो नाला दर पावसाळ्यात तुंबतो आणि त्याचा फोटो मात्र कधी येत नाही. आपण कुणाला पाठवत असाल, तर जागा दाखवायला मी स्वतः येईन.

आपला,
एक कापड व्यापारी,
कापडपेठ, नाशिक